अठ्ठावीस-दीड ते हजार-वीस

२८ × १ १/२ हा टायर खरं बोलतो. गवळी, पोस्टमन, गिरणीकामगार यांच्या काळ्या सायकलीचा हा टायर आमच्या मिरजेच्या दुकानात आजोबांच्या काळापासून खुंटीला आहे. गिऱ्हाईक त्याला 'अठ्ठावीस-दीड' म्हणतं. आता हे आकडे पाटीवर मांडून बघा. अठ्ठावीस इंच हा हवा भरलेल्या टायरचा बाहेरचा व्यास आणि दीड इंच ही त्याची जाडी. वरचे दीड आणि खालचे दीड मिळून तीन इंच वजा केले की पंचवीस उरतात. पंचवीस इंच म्हणजे ६३५ मिलिमीटर. त्याच टायरच्या गालावर कुठंतरी बारीक अक्षरांत '४०-६३५' असं छापलेलं असतं. यातला ६३५ हा टायरची तार रिमवर जिथं बसते तिथला व्यास. म्हणजे शंभर वर्षांहून जुना मोठा आकडा आणि अलीकडचा बारीक आकडा एकमेकांशी तंतोतंत जुळतात.

मग सव्वीसचं घराणं घ्या. २६ × १ ३/८ हा लेडीज सायकलचा टायर. पावणेतीन वजा करा, सव्वातेवीस इंच उरतात, म्हणजे ५९० मिलिमीटर. २६ × १ १/२ मधून तीन गेले की तेवीस इंच, ५८४. २६ × १ १/४ चे साडेतेवीस, ५९७. २६ × १ ३/४ चे साडेबावीस, ५७१. २६ × २ चे बावीस, ५५९. हे पाचही टायर सव्वीसचेच म्हणवतात, पाचांची रिम वेगळी, एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर चढत नाही, आणि तरी प्रत्येकाचं गणित अर्ध्या-एक मिलिमीटरपर्यंत बरोबर येतं.

टायरवर छापलेलं माप खोटं असतं अशी तक्रार मी जन्मभर गल्ल्यावर बसून ऐकत आलो. टेप लावला तर ती तक्रार बहुतेक वेळा खरीही ठरते. पण वरचं गणित एकदा करून पाहिलं की लक्षात येतं, आकडे लिहिणाऱ्यानं लबाडी केलेली नव्हती. ज्या टायरसाठी तो आकडा प्रथम लिहिला गेला, त्याचं ते खरं माप होतं. पुढं टायर बदलला, आकडा तसाच राहिला. कुलकर्णी आडनावाच्या माणसाच्या घरी आज गावाचं दप्तर सापडत नाही, तसंच हे.

टायरला आकडा लागायलाच का लागला, तिथून सुरुवात करू. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. धाव बसवणारा लोहार समोरचं चाक मोजायचा, धाव चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान करायचा, शेणी पेटवून ती लालबुंद तापवायचा, चाकावर चढवून वर पाणी ओतायचा. धाव आक्रसून चाकाला आवळून बसायची. ती धाव त्या एका चाकाची. तिला नंबर नाही, कारण ती दुसऱ्या गावच्या चाकाला बसावी अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. चाक एकीकडे आणि टायर दुसऱ्या कारखान्यात तयार व्हायला लागले तेव्हा नंबराची गरज पडली.

सायकलीत हा नंबर बाहेरच्या व्यासाचा का ठरला, याचं कारण त्या उंच पुढच्या चाकाच्या विलायती सायकलीत आहे. तिला साखळी नव्हती. पायटे थेट पुढच्या चाकाच्या आसाला. पाय एकदा फिरला की चाक एकदाच फिरणार, म्हणून चाक जितकं मोठं तितकी मजल जास्त. पन्नास, बावन्न, छप्पन्न इंचांची चाकं असत आणि माणूस आपल्या पायाच्या लांबीला झेपेल तेवढं चाक घेई. जमिनीपासून चाकाच्या माथ्यापर्यंत किती इंच, हाच सायकलीचा नंबर. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं साखळीची 'रोव्हर' बाजारात आणली. चाकं लहान आणि जवळजवळ सारखी झाली, मजल साखळीच्या दातांवर ठरू लागली, तरी चाक बाहेरून मोजायची रीत गेली नाही. गियरचा हिशेब 'अमुक इंच' असा करणारे हौशी सायकलवाले आजही भेटतात. ते इंच त्या उंच चाकाचेच. आज ते चाक फक्त हिशेबात उरलंय.

मग आलं १८८८ साल. बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यानं मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला आणि त्याचं पेटंट घेतलं. (हवेच्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसानं १८४५ मध्येच घेतलेलं होतं. पण तेव्हा सायकलच नव्हती, त्यामुळे ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.) त्याच १८८८ मध्ये आमच्यापासून फार लांब नसलेल्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलीचं दुकान काढलं. पुढं नांगर आणि पंप करणारं हे घराणं मुळात आमच्या धंद्यातलं, हे सांगायची संधी मी सोडत नाही.

डनलॉपचा टायर रिमला कापडानं गुंडाळून डिंकानं चिकटवलेला असे. पंक्चर काढायचं तर सगळं सोडवावं लागे. चाक आणि टायर ही एकच वस्तू असल्यामुळे बाहेरचा व्यास सांगितला की काम भागत होतं. १८९० मध्ये दोन माणसांनी ही वस्तू दोन केली. चार्ल्स वेल्च यानं टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी तार घातली, आणि एडिंबराच्या रबर कंपनीतला अमेरिकन विल्यम बार्टलेट यानं टायरच्या कडा रिमच्या वळवलेल्या ओठात अडकवल्या. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी आपला काढघालीचा टायर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत उतरवला आणि त्यावर बसलेला शार्ल तेराँ जिंकला. तिथून टायर सुटा विकायची वस्तू झाला.

माझ्या मते सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथं आहे. सुटा टायर घेणाऱ्याला बाहेरच्या व्यासाशी काही देणंघेणं नसतं. त्याला तारेचा व्यास हवा असतो, आपल्या रिमवर टायर बसेल का एवढंच. गिऱ्हाइकाला आतलं माप हवं आणि टायरवर बाहेरचं लिहिलेलं. ते दोन्ही एकमेकांतून काढता येतात, पण जाडी ठरलेली असेल तरच. जाडी बदलली की गणित मोडलं.

फ्रेंचांनी ते कसं मोडलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी बाहेरचा व्यास ७०० मिलिमीटर धरला आणि जाडीला अक्षरं दिली: ए बारीक, बी मध्यम, सी जाड. बाहेरून तिन्ही सारखे. म्हणजे टायर जितका जाड तितकी रिम लहान. ७०० ए ची रिम ६४२, बी ची ६३५, सी ची ६२२. मधला ७०० बी म्हणजे आपला अठ्ठावीस-दीडच. पॅरिसच्या ७०० बी चा आणि मिरजेच्या गवळ्याच्या सायकलीचा टायर तारेला एकच. आता ६२२ ची सी रिम ही मुळात जवळजवळ चाळीस मिलिमीटर जाडीच्या टायरसाठी होती. ६२२ मध्ये दोनदा एकोणचाळीस मिळवा, ७०० होतात. पण ही रिम शर्यतवाल्यांना आवडली. त्यांनी तिच्यावर २८, मग २५, मग २३ मिलिमीटरचे काटकुळे टायर चढवले आणि नाव मात्र '७००' च ठेवलं. ७०० × २३ मोजला तर बाहेरून ६६८ मिलिमीटर भरतो. सातशेला बत्तीस कमी.

हा झाला एक प्रकार. दुसरा त्याच्या उलट. तीच ६२२ ची रिम डोंगरातल्या सायकलीला लावली, वर सव्वादोन इंचांचा गलेलठ्ठ टायर घातला, बाहेरून एकोणतीस इंच भरले आणि बाजारात '२९' नावाची नवी सायकल आली. एका रिमची तीन नावं झाली: अठ्ठावीस, सातशे आणि एकोणतीस. ५८४ ची जुनी रिम अशाच जाड टायरनं साडेसत्तावीसची झाली. ही तर २६ × १ १/२ चीच रिम, फ्रेंच तिला ६५० बी म्हणायचे. आणि जुन्या स्पोर्ट्स सायकलींचा २७ × १ १/४ नावाचा टायर ६३० च्या रिमवर बसतो. म्हणजे सत्तावीसची रिम या अठ्ठावीसच्या रिमपेक्षा आठ मिलिमीटर मोठी! इथं तर मूळ गणितही जुळत नाही. साडेचोवीस इंचांना ६२२ यायला हवेत, येतात ६३०. हा गडी मला समजावून सांगता येत नाही आणि म्हणून त्याच्यावर माझा थोडा रागही आहे.

आमच्या दुकानात हा इतिहास असा येतो. सांगलीचे एक निवृत्त शिक्षक परवा मुलाची गियरची सायकल घेऊन आले. बरोबर नवाकोरा टायर, दुसरीकडून घेतलेला.

"काका, हा टायर बसत नाहीये. सायकल अठ्ठावीसची, टायर अठ्ठावीसचा. मी दोन्हीकडं वाचलंय."

"सर, वाचलंत ते बरोबर. पण हा अठ्ठावीस-दीड. तुमची रिम सातशेची."

"सातशे काय?"

मी रिमवरचा स्टिकर दाखवला. ६२२. टायरवर ६३५. तेरा मिलिमीटरचा ढिलेपणा. असा टायर हातानं सहज चढतो, तेव्हा वाटतं बसला. हवा भरत गेलं की एका बाजूनं तार रिमच्या ओठावरून उचलते, ट्यूब फुगा होऊन बाहेर येते आणि अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असा बार होतो. सरांनी बारीक आकडे चष्मा लावून दोनदा वाचले, मग विचारलं, "मग मोठ्या अक्षरात हे का छापत नाहीत?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर आहे, पण ते धंद्याचं आहे: मोठ्या अक्षरात गिऱ्हाईक तोंडानं जे मागतं ते छापतात.

दशांश-अपूर्णांकाचा एक सापळा याहून वाईट आहे. १ ३/४ आणि १.७५ हे शाळेत एकच. टायरच्या दुकानात नाहीत. २६ × १ ३/४ ची रिम ५७१, आणि २६ × १.७५ ची ५५९. याला कारण शिकागोचे श्विन. १९३३ मध्ये त्यांनी अमेरिकन पोरांच्या सायकलीला मोटारीसारखा फुगीर टायर दिला, २६ × २.१२५. हा दोन इंचांच्या घराण्यातला, ५५९ वाला. पुढं त्याच रिमवर कमी जाडीचे टायर निघाले, त्यांची जाडी दशांशात लिहायची पद्धत पडली आणि पहिला '२६' तसाच चिकटून राहिला. २६ × १.७५ बाहेरून मोजला तर साडेपंचवीसच भरतो. लहान मुलांच्या वीस इंचीतही हेच. २० × १ ३/८ ची रिम ४५१ आणि २० × १.७५ ची ४०६. पंचेचाळीस मिलिमीटरचा फरक, म्हणजे चार बोटं तरी नाही पण अडीच बोटं नक्की. नवीन पोरगं कामाला ठेवलं की पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो: दशांश आणि अपूर्णांक एका खुंटीवर टांगायचे नाहीत.

रुंदीचं खोटेपण मात्र निराळं आहे, आणि त्यात थोडी खरी लबाडीही आहे. शर्यतीच्या टायरची जाहिरात वजनावर चालते. पंचवीसच्या टायरचं वजन कमी दाखवायचं तर सोपा उपाय म्हणजे तेवीसचा करून त्यावर पंचवीस छापणं. एकानं केलं की दुसऱ्याला करावंच लागतं, नाहीतर त्याचा प्रामाणिक पंचवीस जड ठरतो. एक काळ हे सर्रास चाललं. आता उलटं झालंय. टायर तोच, पण नव्या रिमा आतून रुंद आल्या. टायरच्या दोन कडा जितक्या लांब बसतील तितकं पोट फुगतं. आतून पंधरा मिलिमीटरच्या जुन्या रिमवर पंचवीस भरणारा टायर एकवीसच्या रिमवर सत्तावीस-अठ्ठावीसला जातो. टायरची रुंदी ही एकट्या टायरची नसतेच. रिम आणि हवा मिळून ती ठरते, हे आमच्या धंद्यात नवशिक्याला सगळ्यात उशिरा पटतं.

मोटारीनं सुरुवातीला सायकलीचीच रीत उचलली. फोर्डच्या मॉडेल टी ला आरंभीच्या काळात पुढं ३० × ३ आणि मागं ३० × ३ १/२ टायर असत. बाहेरून चारही चाकं तीस इंच. पण पुढची रिम तीस वजा सहा म्हणजे चोवीसची, मागची तीस वजा सात म्हणजे तेवीसची. एकाच गाडीला दोन जातींचे टायर! मालकाला मागं जास्त जाड टायर हवा असेल तर त्याच तेवीसच्या रिमवर ३१ × ४ बसे. एकतीसचा टायर तिसाच्या चाकाला, हे ज्याला गणित माहीत त्यालाच कळणार. १९२३ च्या सुमारास फुगीर, कमी हवेचे 'बलून' टायर आले, जाडी वाढत चालली आणि हे बेरीज-वजाबाकीचं लिखाण असह्य झालं. मग मोटारवाल्यांनी शहाणपणा केला. आधी जाडी, मग रिम: ४.४० – २१. बाहेरचा व्यास लेबलवरून गेलाच. जीपचा ६.०० – १६, अॅम्बॅसॅडरचा ५.९० – १५, प्रीमियर पद्मिनीचा ५.२० – १४, चेतकचा ३.५० – १० हे सगळे या दुसऱ्या पद्धतीचे.

आपल्याकडं नाण्यांत दशमान आलं १९५५ च्या कायद्यानं आणि वजनमापांत १९५६ च्या. आणे गेले, शेर-मण गेले, वार जाऊन मीटर आला. आजोबा गल्ल्यावर नव्या पैशांचा तक्ता चिकटवून बसले होते. तरी डनलॉपचा साहागंजचा कारखाना असो की १९५८ पासूनचा भांडुपचा सीएट, टायरचा इंच कुणी हलवला नाही. हलवणार कसा? रस्त्यावरची प्रत्येक रिम इंचातली होती.

आमच्या वडिलांनी सायकलीबरोबर ट्रकचे टायर ठेवायला सुरुवात केली आणि आमच्या घरात आकड्यांची दुसरी भाषा आली. ९.०० – २० म्हणजे 'नऊशे-वीस', १०.०० – २० म्हणजे 'हजार-वीस'. मधलं टिंब बोलण्यात कधीच नव्हतं. हजार-वीस म्हणजे दहा इंच रुंद टायर, वीस इंचांच्या डिस्कवर. दहा इंच म्हणजे २५४ मिलिमीटर. हवा भरून मोजा, २७८ च्या आसपास भरतो. जवळजवळ अकरा इंच. नऊशे-वीस २५९, म्हणजे दहा इंचांच्याही वर. याचं कारण पुन्हा रिमच. हे आकडे ठरले तेव्हा ट्रकच्या रिमा अरुंद होत्या. पुढं जास्त वजन पेलावं म्हणून रिमा रुंद केल्या, टायर फुगला, पण नाव बदलायचं कुणाला परवडणार? गाडीचं पुस्तक, दरपत्रक, गोदाम, ड्रायव्हरचं तोंड, सगळीकडं तोच आकडा बसलेला.

सायकलवाल्याला या फरकानं फार बिघडत नाही. ट्रकवाल्याला बिघडतं, कारण मागं जोडी असते. मार्केट यार्डात हळद आणि गूळ भरायला आलेल्या गाड्यांचे ड्रायव्हर वडिलांकडं हीच तक्रार घेऊन यायचे.

"अण्णा, दोन्ही हजार-वीसच हायती. मग आतला गुळगुळीत आन् भायरचा नवा, असं का होतंय?"

वडील काही न बोलता सुतळी काढायचे. एका टायरला वेढा घालून गाठ, मग तीच सुतळी दुसऱ्याला. चार बोटं कमी पडायची नाहीतर उरायची. मग ते खडूनं फरशीवर लिहून दाखवायचे, आणि तो हिशेब मी अजून तसाच करतो. दोन टायरांच्या व्यासात बारा मिलिमीटरचा फरक असला तर घेरात अडतीसचा पडतो. दोन्ही एकाच हबला आवळलेले, दोघांना सारखेच फेरे घ्यायचे. किलोमीटरला साधारण तीनशे फेरे. म्हणजे किलोमीटरमागे अकरा मीटर कुणीतरी एकजण फरफटत जाणार. मिरजेहून पुण्यापर्यंत हे अडीच किलोमीटरच्या वर जातं. हिशेबापुरतं हं, रस्त्यावर मोठा टायर भारानं थोडा दबतो आणि फरक काही प्रमाणात जिरतो. पण मोठा टायर वजन जास्त घेतो आणि तापतो, लहान टायर घासतो, हे खरंच.

आणि दोन नवे टायर तरी सारखे असतील याचा भरवसा नव्हता. नायलॉनचा टायर वापरात वाढतो. धागा ताणला जातो, रस्त्यावर तापून काही दिवसांत टायर जन्माच्या मापापेक्षा मोठा होतो. एका कंपनीचा जास्त, दुसऱ्याचा कमी. त्यात रिमोल्ड केलेला टायर असेल तर वरचा पट्टा किती जाड चढवला ते वेगळंच. म्हणून वडील जोडी कधी कंपनीच्या नावानं लावायचे नाहीत, सुतळीनं लावायचे. गिऱ्हाइकाला तो चक्रमपणा वाटे. पुढं टायर कंपन्यांचं मोजमापाचं पुस्तक हाती आलं तेव्हा कळलं, त्यांचीही पद्धत मुळात हीच. ठरवलेल्या रिमवर टायर चढवायचा, ठरवलेली हवा भरायची, चोवीस तास ठेवायचा, हवा पुन्हा सारखी करायची आणि मग घेरावर सहा ठिकाणी रुंदी मोजून सरासरी काढायची. वर गालावरची उठावदार अक्षरं आणि पट्ट्या त्यात धरायच्या नाहीत.

रेडियल आले तशी तिसरी पद्धत आली. मिशेलिननं १९४६ मध्ये पेटंट घेतलेला हा टायर आपल्या रस्त्यांवर जम बसवायला फार वर्षं लागली. २०५/५५ आर १६ हे लेबल बघा. पहिला आकडा मिलिमीटर, दुसरा टक्के, तिसरा इंच! एकाच ओळीत तीन मापं, कुठल्याही मास्तरानं छडी काढावी. रुंदी २०५, तिच्या ५५ टक्के गालाची उंची, १६ इंची रिम. पण साडेसहा इंचांच्या ठरावीक रिमवर हा टायर २१४ भरतो, कारण २०५ हा आकडा त्याहून अरुंद रिम धरून आलाय. रिम अर्ध्या इंचानं बदलली की रुंदी पाच मिलिमीटरनं सरकते. त्यावर नियमानं चार टक्क्यांची सूट. शेवटी १६ तरी खरा असावा? तोही थोडा कमीच. तार बसते तिथं १६ इंची रिम ४०६.४ नसून ४०५.६ असते. म्हणजे छापल्यापेक्षा पाऊण-एक मिलिमीटर लहान.

हे पाऊण मिलिमीटर कुणाला त्रास देत नाहीत, कारण टायर आणि रिम दोघंही तेच खोटं बोलतात. त्रास होतो तो दोन खरी मापं जवळजवळ असली की. अमेरिकेत एक काळ १६ आणि १६.५ अशा दोन्ही रिमा चालत. सोळाचा टायर साडेसोळाच्या रिमवर जोर लावून चढवताना तार तुटून माणसं मेली आहेत. मिशेलिननं १९७५ मध्ये टीआरएक्स नावाच्या टायरसाठी रिम मुद्दाम मिलिमीटरमध्ये केली, ३९० वगैरे, म्हणजे इंचाच्या टायरची तिच्यावर चढायची शक्यताच नको. तर्क चोख होता. पण दुसऱ्या कुणाचाही टायर बसेना, गिऱ्हाईक एका कंपनीला बांधलं गेलं आणि ती रिम इतिहासजमा झाली. चुकीच्या इंचापुढं बरोबर मिलिमीटर हरला, आणि व्यापारी म्हणून मला त्याचं नवल वाटत नाही.

दुचाकीवाल्यांना या बदलाचा वेगळाच संशय. स्प्लेंडर आधी २.७५ – १८ वर यायची, मग ८०/१०० – १८ वर आली. हिशेबी गिऱ्हाईक मोबाइलवर पावणेतीनाचे मिलिमीटर करतं, सत्तर येतात, आणि मला पकडल्यासारखं विचारतं, "सत्तरचा होता, ऐंशीचा का गळ्यात मारताय?" मी त्याच्या जुन्या टायरला कॅलिपर लावतो. पावणेतीनचा कधीच सत्तर भरत नव्हता, जास्तच भरायचा.

सध्या ट्रकमध्येही मिलिमीटर शिरलाय. हजार-वीसच्या जागी नव्या गाड्यांना २९५/९० आर २० येतो. तीच वीसची डिस्क, आणि ड्रायव्हर अजून 'हजार-वीस द्या' असंच म्हणतात. हिशेबानं २९५/९० बाहेरून १०३९ मिलिमीटर भरतो आणि जुना हजार-वीस १०५४. पंधराचा फरक, बारापेक्षाही जास्त. परवाच एकजण जोडीत एक हा आणि एक तो लावून घ्यायला आला होता, स्टेपनी वाया जाऊ नये म्हणून. मी नको म्हटलं, तो हट्टाला पेटला. वडिलांची सुतळी आता नाही, पण मापाची टेप असते. दोन्ही टायरांना ती लावून त्याला आकडे वाचायला दिले. घेरात अडीच बोटांच्या आसपास फरक निघाला. मग एक नवा काढून दिला आणि जुना हजार-वीस त्यानं पुढच्या गाडीसाठी बांधून नेला.